झारा नव्हे, सारा

वाकरूळकरांच्या घरात सारा कोण, असं त्या घरातल्या कुणाला विचारलं असतं तर त्यानं आधी डोकं खाजवलं असतं. "सारा? आमच्याकडं आई आहे, धाकटी वहिनी आहे, रिबकाची आई आहे… सारा कोण बुवा?" आणि ह्या तिन्ही बाया म्हणजे एकच सारा, हे त्याच्या ध्यानात येईस्तोवर पुढ्यातला चहा निवून गेला असता.

पनवेलीत मशिदीच्या मागच्या आळीत तिचं घर. मशीद म्हणजे मुसलमानांची नव्हे हां. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी, तेही आपल्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणायचे. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असायचे आणि शनिवारी घाणा बंद. घाणे कधीच मोडीत निघाले. साराचा नवरा एलोजी भाताच्या गिरणीत पट्टे बदलायचं काम करायचा. तरी भाजीवाल्या गोदूपासून टांगेवाल्या महमूदपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ही आपली 'तेलीणबाय'. आणि घरात तेल किती? तर एक बुधली, तीही वाण्याकडनं आणलेली!

माहेरी मात्र तिला नाव होतं. पेणला वडील सुतारकाम करायचे. रंधा बाजूला ठेवून अंगणातनं हाक घालायचे, "सारा! सारा गं!" त्या 'सा'वर असे रेंगाळायचे की शेजारच्यांच्या कोंबड्यासुद्धा माना वर करायच्या. शाळेतली पोरं चिडवायची, "सारा आला, सारा आला, तलाठी आला, पळा!" शेतसारा आणि ही सारा, दोघंही वसूल झाल्याशिवाय दारातनं हलत नाहीत म्हणायची. ते काही खोटं नव्हतं म्हणा. पण पोर रडत घरी यायची. मग वडील म्हणायचे, "सारा भरणारे रडतात गं. तू कशाला रडतेस? तू तर सारा आहेस!" ह्यात काय समजूत होती ते देव जाणे, पण तिची पटायची.

पुढं लग्न झालं. मांडवात बायांनी एलोजीला धरला. नाव घ्या, नाव घ्या! एलोजी म्हणजे लाजाळूचं झाड. घाम पुसत पुसत म्हणाला,

"मांडवाच्या दारी आंब्याचा मोहर झडला सारा,
आता पुरे करा बायांनो, सुटलाय गार वारा."

"अहो, पण नाव कुठंय?"

"आलं की! पहिल्याच ओळीत!"

झालं. नवऱ्यानं जन्मात एकदा नाव घेतलं, आणि तेही मोहराच्या अंगावर गेलं. नंतर मुलगी झाली, तिचं नाव रिबका. तेव्हापासून एलोजी बायकोला हाक मारायची झाली की ओरडायचा, "रिबके!" आणि हिनं ओ द्यायची. रिबका लग्न होऊन अलिबागला गेली, तिला दोन मुलं झाली, तरी पनवेलीत रोज सकाळी "रिबके, टॉवेल!" चालूच. वडील वारले आणि हाकेतली सारा संपली. त्या दिवसांत ती वडिलांसाठी रडली, हे सगळ्यांनी पाहिलं. आता मला 'सारा' कोण म्हणणार, म्हणूनही रडली, हे ती कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, बाईला वेड लागलं.

अशात लढाईच्या दिवसांत गावात जर्मन डॉक्टरीण आली.

जर्मन, म्हणून इंग्रजांनी तिला चौकीवर हजेरी लावलेली. आणि यहुदी, म्हणून जर्मनांनी तिला तिकडनं हुसकलेलं. म्हणजे बिचारीला दोन्हीकडनं धपाटे. मुंबईत कुठल्याशा इस्पितळात काही वर्षं काढून तिनं पनवेलीत उरण नाक्याजवळ दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. तिचं नाव केटे. पनवेलीनं एका आठवड्यात तिची 'काटेडॉक्टरीण' केली. उंच, हाडकुळी, केस पोरासारखे कापलेले, आणि बोलणं असं की इंजेक्शन परवडलं. मराठी येई, पण लिंगाची सगळी भेळ. "पाणी गरम केला? जीभ दाखव, मोठा दाखव!" आणि 'स' तिच्या जिभेवर बसायचाच नाही. शब्दाच्या तोंडाशी 'स' आला की त्याचा 'झ' व्हायचा. सुई म्हणजे 'झुई', साबण म्हणजे 'झाबण'. मिठागरातल्या बाया पदराआड हसून हसून बऱ्या व्हायच्या, औषधाची गरजच नाही.

पण त्या बाईची एक गोष्ट गावाला चक्रावून टाकायची. बाईमाणूस समोर बसलं की पहिला प्रश्न, "नाव काय?"

मिठागरातली भामा लाजून म्हणाली, "आमचं मालक महादेव म्हात्रे…"

"नवऱ्याचा नको. त्याला खोकला आहे का? नाही ना? मग तुझा झांग."

"भामा."

"भामा, तोंड उघड."

आणि त्या दिवसापासून भामा ती भामाच. रस्त्यात दिसली तरी सायकलवरनं, "भामा! गोळ्या घेतल्या?" म्हातारी असो, सून असो, कोळीण असो की बामणीण, डॉक्टरीण नावानिशी हाक मारायची. महमूदच्या घोड्यालासुद्धा सकाळी, "बादशाह, गुड मॉर्निंग!"

साराच्या बोटाला नखुरडं झालं होतं. घरी हळद-चुना लावून बरं झालं असतं, पण ती मुद्दाम दवाखान्यात गेली. बोट ठणकत होतं, आणि ही बाकावर बसून मनातल्या मनात घोकतेय, 'सारा. माझं नाव सारा.' बाजूला मालू म्हणून एक पोरगी गळू फोडायच्या भीतीनं गळा काढत होती. सारानं तिचं डोकं काखेत धरलं, म्हणाली, "ओरड, पण हलू नकोस," आणि डॉक्टरणीचं काम झटक्यात झालं. डॉक्टरीण खूश दिसली. मग हिच्याकडं वळली.

"नाव काय?"

"सारा," हिनं अगदी वडिलांसारखं, 'सा'वर रेंगाळून सांगितलं.

डॉक्टरणीच्या हातातला चिमटा थांबला. "झारा?"

"झारा नव्हे हो, सारा! झाऱ्यानं भजी काढतात."

बाकावरच्या बाया खो खो हसल्या. डॉक्टरीण हसली नाही. चेहरा असा झाला, जणू कुणी दाराशी येऊन वाईट बातमी सांगितली. तिनं नखुरडं कापलं, पट्टी बांधली, मान वर न करता म्हणाली, "तू घाबरत नाही. मला मदतीला बाई पाहिजे. उद्या ये… बाई."

बाई!

सारा नोकरीला लागली. सुया उकळायच्या, कापसाचे बोळे करायचे, बाळंतिणीच्या पाठीशी बसायचं. काम तिला आवडलं. शनिवारची सुट्टीही मिळाली. पण तिची पंचाईत बघा. दिवसभर त्या खोलीत नावांचा नुसता पाऊस. "भामा, बस. मालू, रडू नको. कृष्णाबाई, मीठ कमी खा." आणि हिला? "बाई, झुई आण. बाई, दार लाव." कंपाउंडर कमळाकरला कमळाकर, मांजरीला मित्झी, आणि हिला बाई. बाई म्हणजे कोण? गावात निम्मे लोक बायाच आहेत!

पहिले काही दिवस सारानं गोडीनं घेतलं. स्वतःचं नाव बोलण्यात पेरायला लागली. "साराला वाटतं, आज गर्दी होणार."

"कुणाला?"

"साराला."

"बाईला जे वाटतं ते बाईनं मनात ठेवावं. बोळे संपले."

मग तिनं कमळाकरला कोपऱ्यात गाठलं. "हे बघ, तू डॉक्टरीणबाईंसमोर मला मोठ्यानं 'सारा' म्हणून हाक मार. ऐकून ऐकून तिला सवय होईल."

कमळाकरच्या हातनं मिश्रणाची बाटली सुटता सुटता राहिली. "छे हो काकू! तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. आई मला घरात घेईल का?"

"अरे, मी सांगतेय ना!"

"तुम्ही सांगाल हो. मार मी खाईन."

काकू! म्हणजे आणखी एक चिकटलं.

शेवटी ती मशिदीतल्या हझ्झानांकडं, म्हणजे प्रार्थना सांगणाऱ्या शालोमकाकांकडं गेली. "काका, माझ्या नावात काही वाईट आहे का हो? अपशकुनी, अमंगळ?"

शालोमकाका खवळलेच. "वाईट? अगं, इब्री भाषेत सारा म्हणजे राणी. सरदारीण. आपल्या अब्राहामबाबाची बायको ती. आधी साराय होती, मग देवानं खुद्द तिचं नाव बदलून सारा केलं. देवानं बारसं केलेली बाई आहे ती, आणि तू अपशकुनी विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी सारा तरंगतच दवाखान्यात आली. सुया उकळता उकळता सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "माझ्या नावाचा अर्थ राणी होतो, माहीत आहे का?"

"माहीत आहे," डॉक्टरीण म्हणाली. "आमच्या जुन्या पुस्तकात लिहितात, फ्युर्स्टिन. राजघराण्याचा बाई."

"फुरसतीण?"

"फ्युर्स्टिन!"

"तेच ते. माहीत आहे, तरी…"

"पाणी उकळला, बाई. झांडेल."

आता सांगा, डोक्यात राख घालून घ्यावी की नाही माणसानं? अर्थ ठाऊक, देव ठाऊक, पुस्तक ठाऊक, आणि तरी बाई! साराच्या मनात काय काय येऊन गेलं. आपण काळ्या म्हणून? आपण शनवार तेली, ती विलायतेतली यहुदी, म्हणून आपल्या तोंडी ते नाव तिला शोभत नाही असं वाटतं का? मशिदीतल्या बाया तर म्हणायच्याच, "कसली यहुदी ती! शुक्रवारी दिवा नाही लावत, मलिद्याला बोलावलं तर येत नाही." एलियाहू हन्नाबी ह्या संदेष्ट्याच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करून सारानं स्वतः वाटी नेऊन दिली होती. डॉक्टरणीनं खाल्ला, वाटी धुऊन परत केली, म्हणाली, "छान, बाई."

लढाई संपली. चौकीवरची हजेरी संपली. वर्ष उलटलं. बाई ती बाईच.

मग ताहिराचं बाळंतपण आलं. बाजारात अमजदचं कापडाचं दुकान, त्याची ही बायको. पहिलटकरीण, आडवं मूल, सगळ्यांनी आशा सोडलेली. डॉक्टरणीनं मूल सोडवलं, आणि सारानं ताहिराला सोडलं नाही. ताहिरानं तिच्या दंडाला नखं रुतवली ती महिनाभर दिसत होती. चाळीस दिवस झाल्यावर ताहिरा मुलीला घेऊन दवाखान्यात आली. पोर गुटगुटीत, डोळ्यांत सुरमा.

"खाला," ताहिरा साराला म्हणाली, "तुमचं नाव काय हो? इतके दिवस मी नुसती खाला खाला करतेय."

बाई गं! कुणी तरी विचारलं!

"सारा," ही म्हणाली, आणि तिचे कान तापले.

"अल्ला! हे तर आमच्यातही असतं. हजरत इब्राहीमची बीबी. बस्स, ठरलं. ह्या बच्चीचं नाव सारा. तुमच्यावरनं. आता दिवसभर आमच्या गल्लीत हीच हाक बघा."

साराच्या डोळ्यांसमोर कापडबाजाराची अख्खी गल्ली उभी राहिली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारा, सारा. तिनं पोरीला उचलायला हात पुढं केले, आणि मागनं डॉक्टरीण कडाडली,

"नाही! झारा नाही! दुसरा नाव ठेव!"

पोर दचकून रडायला लागली. ताहिरानं तिला छातीशी धरलं. "का हो? मनहूस आहे का?"

"दुसरा ठेव," डॉक्टरीण म्हणाली, आणि हात धुवायला वळली.

ताहिरा गेली. घाबरून घाबरून तिनं मुलीचं नाव ठेवलं शहाबानो. म्हणजे अख्खी गल्लीच्या गल्ली हातची गेली.

सारानं दवाखान्याचं दार धाडकन लावलं. कमळाकर बाटल्यांच्या कपाटामागं गेला तो तिथंच राहिला.

"काय घोडं मारलंय हो माझ्या नावानं तुमचं?" तिचा आवाज उरण नाक्यापर्यंत गेला असेल. "त्या लेकराच्या आईनं प्रेमानं ठेवलेलं नाव! मला नाही म्हणत ते नाही म्हणत, वर दुसऱ्यालाही म्हणू देत नाही? मांजराला नाव, घोड्याला नाव, आणि मी काय ह्या दवाखान्यातलं स्टूल आहे?"

"बाई, झाबण दे."

"साबण गेला खड्ड्यात! आधी सांगा."

डॉक्टरीण ओल्या हातांनी उभी राहिली. हातांवरनं पाणी फरशीवर ठिबकत होतं, आणि फरशी पुसायला लागणार हेसुद्धा साराच्या मनात आलं, इतकी ती रागावली होती.

"माझा नाव केटे," डॉक्टरीण म्हणाली. "आईनं ठेवला. मी तीस वर्षं केटे होते. मग झरकारचा हुकूम आला. यहुदी बाईला नुसता केटे पुरत नाही. मध्ये झारा लावायचा. केटे झारा. शेजारीण मार्था, मार्था झारा. माझी आई, तिच्यापुढं झारा. झगळ्या. म्हाताऱ्या, शाळेतल्या पोरी, झगळ्या झारा. आणि पुरुष झगळे इस्राएल."

"इस्राएल?" सारा चमकली. "इस्राएल तर आम्ही सगळेच! बेने इस्राएल!"

"हो. तुम्ही अभिमानानं म्हणता. तिथं कचेरीत जा, पोलिसात जा, नाव पूर्ण झांगायचा. झारा गाळला तर तुरुंग. एक कारकून होता. तो केटे म्हणायचा नाही, मार्था म्हणायचा नाही. खिडकीतनं नुसता ओरडायचा, 'झारा!' मग आख्ख्या रांगेनं वळून बघायचा. आणि तो हसायचा."

साराला राहवेना. "पण… पण त्याचा अर्थ राणी आहे ना हो! तुम्हीच म्हणालात. फुरसतीण."

"त्यांना अर्थ नको होता. ही कोण आहे ते लांबनं कळायला पाहिजे होता. गुरांना डाग देतात ना, तसा."

"गुरांना!" सारा उसळली. "माझ्या आजीचं नाव ते! माझ्या बाबांनी ठेवलेलं! मेल्यांनी त्याचं डागायचं लोखंड केलं? त्यांच्या बापाचं होतं का नाव? विचारलं का आम्हाला?"

"कुणाला विचारणार? पनवेलला?"

"हो, पनवेलला!"

डॉक्टरीण जरा हसल्यासारखी झाली, पण ते टिकलं नाही. "तिकडं आधी ख्रिस्ती पोरींचाही हा नाव असायचा. चांगला नाव होता. माझ्या आत्याचा होता. आता मी म्हणते, तर मला आत्या ऐकू येत नाही. खिडकी ऐकू येते."

"आणि आई?" सारानं विचारलं. "आई कुठं असते तुमची?"

"आई तिकडंच राहिली."

सारानं साबण आणून दिला. मग फडकं आणून फरशी पुसली. पुसता पुसता म्हणाली, "बाईच म्हणा. चालेल."

चाललं मात्र नाही. घरी जाईपर्यंत रस्ताभर ती फणफणत होती. राग कुणावर काढायचा? डॉक्टरणीवर काढावा तर ती बिचारी आधीच पोळलेली. त्या खिडकीतल्या कारकुनावर काढावा तर तो हजारो कोसांवर. आपलंच नाव, आपणच आयुष्यभर जपलेलं, आणि आज आपल्याच तोंडानं म्हणायचं की नका घेऊ! जेवायला वाढता वाढता तिनं एलोजीलाच धरलं.

"माझं नाव घ्या."

एलोजीच्या हातातला घास थांबला. "आत्ता?"

"हो, आत्ता."

"जेवताना?"

"मग काय पोहताना? घ्या. इथं तुमच्या-माझ्याशिवाय कोण आहे? ती पाल आहे फक्त भिंतीवर."

"अगं पण… कशाला?"

"कशाला म्हणजे? नाव आहे म्हणून!"

एलोजीनं पाणी प्यायलं. दाराकडं बघितलं. पालीकडं बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सा…" तो म्हणाला. सारानं श्वास धरला. "सा… सांडगे आहेत का गं?"

तिनं त्याच्या ताटात सांडग्यांचा अख्खा डबा उपडा केला.

इकडं दवाखान्यात काही तरी वेगळंच सुरू झालं होतं. दुपारी पेशंट नसले की आतल्या खोलीतनं आवाज यायचा. "झ्झ… स्स… स्स…" कमळाकर दोनदा प्रायमसची हवा तपासून आला. "काकू, स्टोव्ह गळतोय वाटतं."

"गळत नाही रे." साराच्या ध्यानात आलं होतं, पण ती मुकाट बोळे करत बसायची. आतनं यायचं, "स्स… साखर. झाबण. स्स, साबण. स्स… सुई." सुई आली तेव्हा मिठागरातल्या बायांना फार वाईट वाटलं, कारण हसायचं एक साधन गेलं. साखर आली, साबण आला, संध्याकाळ आली, सोमवारसुद्धा आला. त्यापुढं गाडी अडायची. आतनं "स्स…" आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग बाहेर येऊन, "बाई, दार लाव."

सारा मनाशी म्हणायची, अगं, टाक ना एकदा बोलून! आणि लगेच म्हणायची, नको गं बाई, नको, राहू दे. असं दोन्हीकडनं ओढून ओढून तिचं डोकं चढायचं.

आणि मग एक दिवस बुधवारच्या बाजाराच्या गर्दीत ते झालं. दवाखाना तुडुंब. एका पोराला विंचू चावलेला, त्याची आई किंचाळतेय. सारा त्याचा पाय धरून बसलेली. मागं प्रायमसवर सुयांचं भांडं, आणि स्टोव्हनं एकदम भडका घेतला. ज्वाळा वर कापसाच्या फडताळापर्यंत.

"सारा!"

खणखणीत. 'स' स्वच्छ. 'सा' लांबलचक. आख्ख्या दवाखान्यानं ऐकलं.

आणि आमच्या ह्या शहाण्या बाईनं काय केलं? मान वळवून दाराकडं बघितलं. कोण आलंय, कुणाला बोलावतायत!

कितीतरी वर्षांत त्या नावाची हाक तिच्या कानावर आलेलीच नव्हती. कान विसरले होते. ती दाराकडं बघत राहिली, डॉक्टरणीनं धावत येऊन स्टोव्हची चावी सोडली, वर ओलं फडकं टाकलं, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून गरजली, "बहिरी आहेस का तू?"

तेव्हा कुठं साराच्या डोक्यात उजेड पडला. पोराचा पाय तिच्या हातातनं सुटला.

"तुम्ही मला… परत म्हणा."

"काय परत म्हणा? आग लागली असती!"

"तेच. जे म्हणालात ते. मी दाराकडं बघत होते. नीट ऐकलं नाही मी."

"पोराचा पाय धर!"

"धरते, पण एकदाच…"

"पाय धर आधी!"

पाय धरावा लागला. त्या दिवशी डॉक्टरणीनं पुन्हा काही ते नाव घेतलं नाही. रात्री सारानं ताट बाजूला सरकवलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, दारात उभं राहिलं, आणि आपण त्याच्याकडं पाठ करून बसलो! एलोजी विचारतोय, "रिबके, काय झालं?" आणि हिनं भिंतीकडं तोंड केलं.

पुढल्या काही दिवसांत एक गोष्ट मात्र तिनं हेरली. शांतपणे बोलताना डॉक्टरणीच्या ओठांवर ते नाव येत नव्हतं. विचार करायला वेळ मिळाला की ती खिडकी मध्ये यायची. पण एकदम संतापली, की आधी तोंडातनं निघून जायचं, "सारा!" आणि खिडकी मागाहून पोचायची, तोवर हाक मारून झालेली असायची.

मग काय! आमच्या बाईनं उद्योग सुरू केले. इतकी नेटकी बाई, पण कधी स्टोव्हला हवा जास्त भरली जायची, कधी कात्री चुकीच्या खणात जायची, कधी मित्झीला बोळ्यांच्या टोपलीत झोपू द्यायची. डॉक्टरीण कडाडायची, "सारा! मांजर!" आणि ही "आले हं, आले," म्हणत, तोंड शक्य तितकं अपराधी करून आत जायची. कमळाकर म्हणायचा, "काकू, तुमचं हल्ली लक्ष नसतं." ही म्हणायची, "वय झालं रे बाबा."

गोदू दवाखान्याच्या पायरीपाशी भाजीची पाटी घेऊन बसायची. बारा वर्षांची दोघींची ओळख. तिला हे आतलं ओरडणं रोज ऐकू जायचं. एक दिवस तिनं साराच्या पदरात वांगी टाकता टाकता विषय काढलाच.

"तेलीणबाय, तुला राग नाय येत? ती काटेबाय तुज्यावर कुत्र्यावानी वरडते. सोड की ती नोकरी. आमी असतो तर पाटी फेकून मारली असती."

"ओरडते गं. पण काय म्हणून ओरडते, ते ऐकलंस का कधी?"

"वरडनं त्ये वरडनं. त्यात काय ऐकायचं हाय?"

सारानं कपाळावर हात मारून घेतला. जिच्यासाठी ही एवढी मांजरं बोळ्यांत झोपवतेय, ती हाक गावात एकालाही ऐकू येत नाही?

"थांब," ती म्हणाली. "इथंच थांब. कान उघडे ठेव. मी आत जाते, आणि तू फक्त ऐक."

"काय ऐकू?"

"ऐक म्हटलं ना!"

ती आत गेली. गोदू वांग्यांचा तराजू हातात धरून, मान वाकडी करून उभी राहिली. आत भांड्याचा खणखणाट झाला. मग काही तरी फुटलं, बहुतेक आयोडिनची बाटली, कारण वास बाहेरपर्यंत आला. आणि मग डॉक्टरणीचा आवाज, असा की महमूदच्या घोड्यानंही कान टवकारले,

"सारा! सारा! काय केला हे!"

सारा धावत दारात आली. पदरावर आयोडिनचा तांबडा डाग, चेहरा उजळलेला. "ऐकलंस?"

"ऐकलं की," गोदू म्हणाली, आणि तिच्या खांद्यावरनं वाकून आत डोकावली. "ही सारा कोन गं? नवी बाय ठेवली काय?"